पायाखालचं नाव

(रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्याच सभासदांनी आपापल्या छंदांविषयी क्लब हाऊसमध्ये भाषणे केली. त्यांतील एक भाषण, थोडी काटछाट करून, बोलले गेले तसेच येथे देत आहोत. — संपादक मंडळ)



सोसायटीचं हे चांदीचं वर्ष. चांदीच्या वर्षात मी तुमच्याशी शिशाबद्दल बोलणार आहे, तेव्हा आधीच माफी मागतो. बी विंगमध्ये मला मुलं ‘शिपाईवाले आजोबा’ म्हणतात. त्यावरून आपल्या वॉचमनने एकदा एका पाहुण्यांना सांगितलं, "साहेब मिलिटरीत होते." मी मिलिटरीत नव्हतो हो, बँकेत होतो. माझ्याकडे आहेत ते शिपाई बोटाएवढे आहेत. जुनी, शिशाची, विलायती खेळणी. आज सांगणार आहे ते त्यांच्या लढायांबद्दल नाही. ते कुणी बनवले हे कसं शोधायचं, आणि ते शोधताना मी काय चुका केल्या, त्याबद्दल सांगणार आहे. चुका जास्त आहेत, त्यामुळे कंटाळा येणार नाही.

डबा आजोबांचा. आजोबा जी. आय. पी. रेल्वेच्या मुंबईच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. १९४७ साली त्यांचे साहेब विलायतेला परत निघाले. सामान आवरताना साहेबांच्या मुलांचा खेळण्यांचा पत्र्याचा डबा मागे राहिला, तो त्यांनी आजोबांना देऊन टाकला. माझे वडील तेव्हा पंधरा वर्षांचे, म्हणजे खेळायचं वय उलटलेलं. डबा माळ्यावर गेला. दर दसऱ्याला साफसफाईत खाली यायचा, पुसून परत वर जायचा. १९८६ मध्ये जुनं घर सोडलं तेव्हा वाटणीत भावाने तांब्याचा बंब घेतला, बहिणीने आईचं जातं घेतलं, मी डबा घेतला. आमची ही म्हणाली, "बंब घ्यायचा होतात."

डब्यात ४३ शिपाई निघाले. उंच केसाळ टोप्यांचे लाल कोटवाले, घागऱ्यासारखा किल्ट घातलेले स्कॉटिश, खाकीतले, लोखंडी शिरस्त्राणवाले, आणि चार घोडेस्वार: फेटा बांधलेले, हातात भाला, आपल्याकडच्या रिसाल्यातले. मी हरखून गेलो. आणि त्याच संध्याकाळी पहिला गाढवपणा केला. चाळीस वर्षांची धूळ बसली होती म्हणून सगळे शिपाई धुण्याच्या पावडरच्या पाण्यात, बादलीत, रात्रभर भिजत टाकले. सकाळी पाण्यावर कागदाचे बारीक कपटे तरंगत होते. मी ते मोरीत ओतून दिले.

ते कपटे म्हणजे काय होतं, हे मला समजायला पुढे तेरा वर्षं लागली. त्याकडे येतो.

मी बँकेतला माणूस, नोंद केल्याशिवाय चैन पडायचं नाही. एक वही केली. अनुक्रमांक, वर्णन, उंची, निर्माता. निर्मात्याच्या रकान्यात काय लिहायचं? लायब्ररीत एक इंग्रजी पुस्तक मिळालं, त्यात एकच नाव पानोपानी होतं: ब्रिटन्स. मी पहिल्या ओळीत ‘ब्रिटन्स’ लिहिलं आणि खाली ४२ ओळींत ‘–"–’ अशी वरीलप्रमाणेची खूण करून टाकली. अर्ध्या तासात काम फत्ते.

आता हे ब्रिटन्स कोण, ते थोडक्यात सांगतो. ब्रिटन हे देशाचं नाव आहेच, पण इथे ते एका कुटुंबाचं आडनाव. लंडनमध्ये विल्यम ब्रिटन नावाचे खेळणी बनवणारे गृहस्थ आणि त्यांची मुलं. त्या काळी शिशाच्या शिपायांचा बाजार जर्मनीच्या हातात होता. न्यूरेंबर्ग, फ्यूर्थ, ड्रेस्डेन ही त्यांची गावं. जर्मन शिपाई एकतर कथलाचे, चपटे, पापडासारखे असायचे, नाहीतर भरीव, म्हणजे जड आणि महाग. १८९३ मध्ये ब्रिटन यांच्या मुलाने, त्याचंही नाव विल्यमच, पोकळ ओतकामाची पद्धत शिपायांसाठी बसवली. शिसं, त्यात थोडं अँटिमनी आणि कथील असा वितळलेला रस धातूच्या साच्यात ओतायचा. साच्याला टेकलेला रस आधी गोठतो. कारागीर क्षणभर थांबतो आणि साचा उलटा करतो. आतला अजून पातळ असलेला रस एका भोकातून बाहेर येतो. मागे उरतं ते फक्त कवच. आपल्याकडे गणपतीच्या साच्यात प्लास्टर फिरवून जास्तीचं काढून टाकतात, तसंच समजा. धातू कमी लागला, वजन कमी झालं, किंमत उतरली. जर्मन माल मागे पडू लागला.

उंची त्यांनी ५४ मिलिमीटर ठेवली आणि पुढे तीच जगभर प्रमाण झाली. फौजाही कुठल्या कुठल्या केल्या. आपल्या मुंबई इलाख्याच्यासुद्धा: बॉम्बे लान्सर्स होते, बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री होती. त्यामुळे माझे चार फेटेवाले घोडेस्वार पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिले तेव्हा मला शंकाच उरली नाही. बॉम्बे लान्सर्स! मुंबईचे स्वार विलायतेत जन्मले आणि फिरून मुंबईला आले! चार माणसांना ही गोष्ट मी रंगवून सांगितलेली आहे. इथे बसलेल्यांपैकीही काही जणांना सांगितली असेल.

१९९६ साली मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीची वेळ आली. पैसे कमी पडत होते. मुंबईचा एक तरुण, अशाच वस्तू जमवणारा, कुणाच्या तरी ओळखीने घरी आला. त्याला घोडेस्वार आवडले. दोन त्याला दिले, सहा हजार रुपयांना. त्याने विचारलं, "काका, ब्रिटन्सचेच ना?" मी म्हटलं, "म्हणजे काय!" आणि लेटरपॅडच्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं: ब्रिटन्स, बॉम्बे लान्सर्स, दोन नग. खाली सही.

बँकेत तीस वर्षं लोकांच्या सह्या तपासल्या. स्वतःची सही कशाखाली करतोय, ते मात्र तपासलं नाही.

तीन वर्षांनी एका मासिकातून इंग्लंडमधल्या एका वयस्कर संग्राहकांचा पत्ता मिळाला. मी त्यांना उरलेल्या दोन घोडेस्वारांचे फोटो पाठवले. खरं सांगायचं तर शाबासकी मिळावी म्हणून पाठवले. दीड महिन्याने उत्तर आलं. फोटोबद्दल आभार, आणि पाच प्रश्न. घोड्याच्या पोटाखाली काही लिहिलंय का? भाला धरलेला हात हलतो का? स्वाराची उंची नेमकी किती? रस बाहेर काढण्याचं भोक कुठे आहे? आणि पायदळाच्या शिपायांच्या पायाखाली कागद चिकटवलेला होता का?

पाचवा प्रश्न वाचला आणि मला ती बादली आठवली.

झालं होतं असं. ब्रिटन्सचा माल चालायला लागल्याबरोबर त्याच्या नकला निघाल्या. बाजारातून त्यांचा शिपाई आणायचा, त्यावरून साचा पाडायचा आणि आपला म्हणून विकायचा. ब्रिटन्स कोर्टात गेले. हँक्स ब्रदर्स नावाच्या कंपनीविरुद्धचा १९०२ चा निकाल आजही कायद्याच्या पुस्तकांत दाखला म्हणून देतात. प्रश्न मजेशीर होता: खेळण्यातला शिपाई ‘शिल्प’ म्हणायचा का? कोर्टाने सांगितलं, म्हणायचा. शिल्पांच्या हक्काचा इंग्लंडमधला कायदा १८१४ चा. त्याची अट अशी, की हक्क हवा असेल तर शिल्पावर मालकाचं नाव आणि तारीख हवी. म्हणून १९०० च्या सुमारापासून ब्रिटन्स पायाखालच्या बैठकीला नाव-तारखेचं कागदी लेबल चिकटवू लागले होते. पुढे ती अक्षरं साच्यातच कोरली. घोडेस्वारांच्या बाबतीत ती घोड्याच्या पोटाखाली असतात. माझ्या बादलीत तरंगत होते ते हेच कागद. ४३ शिपायांपैकी काहींचे जन्मदाखले मी स्वतःच्या हाताने मोरीत ओतले होते. किती जणांचे, ते आता कधीच कळणार नाही.

बाकीच्या चार प्रश्नांची उत्तरं मी खाली बसून, भिंग लावून लिहिली. घोड्याच्या पोटाखाली काही नाही. भाल्याचा हात हलत नाही, धडाबरोबरच ओतलेला आहे. पुस्तकातल्या स्वारांचा हात वेगळा ओतून खुंटीवर बसवलेला असतो, तो वरखाली होतो. उंची पुस्तकातल्या मापापेक्षा दोन मिलिमीटर कमी. आणि फेट्याच्या घड्या, ज्या चित्रात एकेक मोजता येतात, त्या माझ्या स्वारांच्या डोक्यावर विरघळल्यासारख्या.

हे लिहिता लिहिताच मला कळलं होतं. उत्तर यायच्या आधीच. धातू गोठताना आकसतो. तयार शिपायावरून साचा पाडून पुन्हा ओतला की नकललेला शिपाई मुळापेक्षा किंचित लहान होतो, आणि त्याचे बारकावे बुजतात. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसं. माझे बॉम्बे लान्सर्स ब्रिटन्सचे नव्हते. कुणीतरी ब्रिटन्ससारखे केलेले होते.

त्या रात्री झोप लागली नाही. दोन शिपाई मुंबईत होते, आणि त्यांच्याबरोबर माझ्या सहीचा कागद. ही म्हणाली, "तो खूश आहे ना? मग राहू दे की. त्याला कोण सांगणार आहे?" प्रश्न बरोबर होता. मी सोडून कुणीच सांगणार नव्हतं. शनिवारी मुंबईला गेलो, सहा हजार रुपये घेऊन. त्याला सगळं सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, शिपाई मला आवडलेत, ते मी ठेवतो." मी म्हटलं, "ठेव, पण पैसे घे, आणि तो कागद मला दे." कागद परत घेतला, त्याच्यासमोर फाडला आणि दुसरा लिहून दिला: भालाईत स्वार, पोकळ ओतीव, दोन नग, निर्माता अज्ञात. महिन्याने त्याची एक हजाराची मनीऑर्डर आली. खाली लिहिलं होतं, ‘अज्ञात निर्मात्याचे.’

तेव्हापासून मी वही पुन्हा पहिल्या पानापासून लिहायला घेतली. आता त्यातली रीत सांगतो. तुमच्या घरीही जुनं काही असेल, शिपाई नसला तरी पितळी डबा असेल, बाहुली असेल, तिथेही ती उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे वस्तू उलटी करा. सगळेजण चेहरा बघतात. बनवणाऱ्याचं नाव पायाखाली असतं. नाव नसेल तर देश असतो, आणि देश लिहिण्याची पद्धतही काळ सांगते. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची अमेरिकी ताब्याची वर्षं, १९५२ पर्यंतची. ‘एम्पायर मेड’ असेल तर बहुतेक हाँगकाँग. पण एक सावधगिरी. ब्रिटन्सच्या शिपायावर १९०१ असा आकडा असेल तर तो शिपाई १९०१ साली ओतला असं नाही. तो मूळ नमुन्याच्या हक्काचा आकडा. त्याच साच्यातून पुढे कित्येक वर्षं माल निघत राहतो. आपल्या बिल्डिंगवर २५ वर्षांपूर्वीचा आकडा आहे, म्हणून काल बसवलेली लिफ्ट २५ वर्षांची होत नाही, तसं.

दुसरं, हातात तोलून बघा आणि लोहचुंबक लावा. चिकटला तर लोखंड. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातली ग्रे आयर्न नावाची कंपनी बिडाचे शिपाई करायची. जड आणि भरीव असेल, मुंडकं वेगळं करून मानेत खुपसलेलं असेल, तर जर्मनीकडे वळा. ड्रेस्डेनच्या हायडे यांचं काम असं असायचं. ते सहसा शिपायावर नाव घालत नसत, आणि १९४५ च्या बॉम्बफेकीत त्यांचा कारखानाच गेला. त्यामुळे हायडेचा माल बोलका आहे पण त्याचे कागद गेलेले. हलका, लाकडाच्या भुश्शाच्या लगद्याचा, आत तार असेल तर तोही जर्मन घराण्यातला: लुडविग्सबुर्गच्या हाउसर कंपनीचा एलास्टोलिन, नाहीतर ब्रांडेनबुर्गचा लिनेओल. आतली तार गंजून फुगते आणि अंगाला चिरा पडतात. आपल्या स्लॅबच्या सळया फुगतात, त्याची मी कमिटीला इथेच आठवण करून देतो.

तिसरं, भोक, सांधा आणि बैठक. पोकळ शिपायातून रस कुठून काढला, टोपीतून की पायातून. साच्याची दोन अंगं जुळतात ती रेघ घासून काढलीय की तशीच ठेवलीय. बैठक चौकोनी, लांबट की गोल. या कारागिराच्या सवयी. माणूस नाव लपवू शकतो, हाताची सवय लपवू शकत नाही.

चौथं, पोशाख. पोशाखावरून निर्माता कळत नाही, पण ‘याच्या आधीचा नाही’ एवढं पक्कं कळतं. इंग्रजी फौजेचं ताटलीसारखं लोखंडी शिरस्त्राण पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या सुमारास आलं. ते ज्याच्या डोक्यावर आहे तो शिपाई १९१० चा असूच शकत नाही, विकणारा काहीही सांगो.

आणि पाचवं, सगळ्यांत महत्त्वाचं. बिननावाच्या शिपायाची तुलना नाव असलेल्या शिपायाशीच करायची. पुस्तकातल्या वर्णनाशी नाही, स्वतःच्या आठवणीशी नाही, इच्छेशी तर मुळीच नाही. साचा तोच, माप तेच, बैठक तीच, असं जुळलं तर ‘निश्चित’. फक्त रंग, ढब जुळली तर ‘बहुधा’. नाहीतर ‘अज्ञात’. माझ्या वहीत आता हे तीनच शब्द चालतात.

त्या इंग्लंडच्या गृहस्थांना मी पुढच्या पत्रात मोठ्या उत्साहाने लिहिलं होतं, "मग हे घोडेस्वार हँक्स यांचे म्हणू का? नकला तेच करत होते ना?" त्यांचं उत्तर दोन ओळींचं. नकला करणारे पुष्कळ होते. हँक्सची खूण असलेला असाच घोडेस्वार मिळेपर्यंत ते नाव लिहू नका. मी पुन्हा तेच करायला निघालो होतो. आधी मोठ्या नावाचं लेबल लावलं, आता बदनाम नावाचं.

या कामात किती छोटी छोटी दुकानं नजरेस येतात म्हणून सांगू! लंडनमधले जॉन हिल आणि कंपनी. सुरू करणारा माणूस आधी ब्रिटन्सकडेच कामाला होता. त्यांच्या बैठकीखाली ‘जोहिल्को’ असं जोडनाव सापडतं. युद्धात लंडनवर बॉम्ब पडले, त्यात त्यांची जागा गेली, आणि युद्धानंतर माल बर्नली गावातून निघू लागला. ‘चार्बेन्स’ म्हणजे काय असेल? चार्ल्स आणि बेन, रीड आडनावाचे दोन भाऊ. आपल्याकडे ‘रमेश-सुरेश स्टोअर्स’ असतं तसं. ‘टिम्पो’ म्हणजे टॉय इम्पोर्टर्स, बाहेरून खेळणी आणणारे. युद्धात बाहेरचा माल बंद पडला, तेव्हा स्वतः करू लागले. क्रेसेंट आहे, रेका आहे, फ्राय आहे. नॉर्मन जॉप्लिन यांनी पोकळ शिपायांवर मोठा सचित्र ग्रंथ केला, जॉन गॅरट यांनी तर जगभरच्या निर्मात्यांचा कोशच रचला. ही माणसं आयुष्यभर दुसऱ्यांची नावं गोळा करत राहिली.

आणि तरीसुद्धा साच्यावर नाव येतं ते मालकाचं, बरं का. शिपायाला चेहरा देणाऱ्या होत्या रंगकाम करणाऱ्या बायका. बऱ्याच जणी कारखान्यात, काही जणी घरी काम नेऊन. लाल कोट, पांढरा पट्टा, गालावर एक ठिपका, डोळ्याचे दोन ठिपके, मिशीची एक रेघ. शेकड्यावर काम. भिंगातून बघितलं की एकाच पेटीतल्या दोन शिपायांच्या मिशा वेगळ्या दिसतात. म्हणजे हात वेगळे. त्यांची नावं कुठल्याच बैठकीखाली नाहीत.

तर माझा आजचा हिशोब असा. ४३ पैकी ब्रिटन्स २२. जॉन हिल ९. क्रेसेंट ३. चार्बेन्स १. हायडे, ‘बहुधा’, २. राहिले ६, अज्ञात. त्यांत ते चार स्वार, दोन माझ्याकडे आणि दोन मुंबईत. इतक्या वर्षांत त्या सहांचा पत्ता लागलेला नाही. पूर्वी त्याची लाज वाटायची. आता वहीतली ती सहा पानं मी सगळ्यांत आधी उघडून दाखवतो, कारण बाकीच्या ३७ पानांवर विश्वास ठेवायला तीच कारण देतात.

एक व्यवहाराची सूचना देऊन पुढे जातो. हे शिपाई शिशाचे आहेत, रंगही शिशाचा. लहान मुलांच्या हातात, तोंडात जाता कामा नयेत. ब्रिटन्सने शिशाचा माल १९६६ मध्ये बंदच केला. हाताळले की हात साबणाने धुवायचे. शिपाई मात्र धुवायचे नाहीत! कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकायची. ओलसर जागेत किंवा ओकच्या, कच्च्या लाकडाच्या बंद कपाटात ठेवले तर लाकडातून आंबट वाफ सुटते आणि शिशाची पांढरी भुकटी होऊ लागते. आणि जुना रंग उडालेला असला तरी नवा लावायचा नाही. रंग ही कारागिराची सही आहे.

आता आपल्या घरचं. गेल्या दिवाळीत आपल्या किल्ल्याच्या स्पर्धेसाठी नातवाला घेऊन कसबा पेठेत कुंभारवाड्यात गेलो. मावळे मांडलेले होते, ढाल-तलवारवाले, तुतारी वाजवणारे, तोफेपाशी उभे, सिंहासनावर महाराज. सवयीने मी एक मावळा उचलला आणि उलटा केला. बाई म्हणाल्या, "आजोबा, खाली काय बघताय? फुटलेला नाहीये." मी विचारलं, "तुमचा मावळा आणि शेजारच्या दुकानातला, ओळखू येतो का तुम्हाला?" त्या हसल्या. "न ओळखायला काय झालं? आमच्याकडचे डोळे सासूबाई काढतात. त्यांचा मावळा जरा वर बघतो." मी दोन्ही शेजारी धरून पाहिले. खरंच वर बघत होता हो!

मी म्हटलं, "मग खाली नाव का नाही घालत?" त्या म्हणाल्या, "नाव घालून काय करायचं? दिवाळी झाली की मावळा माळ्यावर, नाहीतर कचऱ्यात."

यावर मला काही उत्तर सुचलं नाही. साहेबांच्या मुलांचे शिपाईसुद्धा असेच माळ्यावर गेले होते. आज मी रात्री जागून, परदेशात पत्रं लिहून एका इंग्रज कारागिराचं नाव शोधतोय, आणि दरवर्षी दिवाळीत माझ्या नातवाच्या किल्ल्यावर उभे असणारे मावळे कुणी घडवले, हे मी त्या दिवसापर्यंत एकदाही विचारलेलं नव्हतं. २५ वर्षं आपल्या सोसायटीत किल्ला होतोय. पंचवीस वर्षांच्या मावळ्यांच्या डोळ्यांमागे कोण होतं, हे आपल्यापैकी कुणाला सांगता येईल?

बाईंची मुलगी तिथेच अभ्यास करत बसली होती. तिला मी विनंती केली. तिने बॉलपेनने त्या मावळ्याच्या बैठकीखाली आजीचं पूर्ण नाव लिहून दिलं, आणि खाली साल. हा पाहा तो मावळा. नाव इथे मोठ्याने वाचत नाही, कारण त्या आजींना मी विचारलेलं नाही. कार्यक्रमानंतर हातात घेऊन बघा. माझ्या वहीत त्याला ४४ वा क्रमांक दिलाय. निर्मात्याच्या रकान्यात ‘निश्चित’ लिहिताना मला भिंगसुद्धा लागलं नाही.

आपल्या गेटपाशी कोनशिला आहे. तिच्यावर उद्घाटन करणाऱ्या पाहुण्यांचं नाव आहे, बिल्डरचं आहे, पहिल्या कमिटीचं आहे. ती असावीतच. पण गिलावा करणाऱ्या मिस्त्रींचं नाव आज कुणालाही माहीत नाही, आणि ते शोधायला आता कुणाकडे जाणार? राहून गेलं ते गेलं. पुढचं तरी आपल्या हातात आहे.

म्हणून एकच मागणं मागतो. यंदापासून किल्ला स्पर्धेच्या फॉर्मवर एक रकाना वाढवा: ‘मावळे कुणी घडवले?’ मुलांनी विकत घेताना विचारायचं, आणि मावळ्याच्या पायाखाली साध्या पेन्सिलीने नाव आणि साल लिहायचं. नाव सांगितलं नाही तर ‘अज्ञात’ लिहायचं, पण विचारायचं नक्की. याला मेंटेनन्समध्ये एक रुपयाची वाढ लागणार नाही. सेक्रेटरी साहेब मान हलवताहेत, म्हणजे ठराव मंजूर समजतो.

आणखी एक गोष्ट. तुमच्या कुणाच्या माळ्यावर असा जुना डबा असेल तर मला बोलवा. मी येईन, पैसे घेणार नाही, चहा घेईन. फक्त मी येईपर्यंत डबा धुऊ नका.

पुलाव तयार आहे असं दिसतंय.